दालनातली माय

“थोडी रडलीस तर बरं होईल गं,” मॅडम माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या. “पाहुण्यांना गाण्याचे शब्द कळायचे नाहीत. रडणं कळेल.”

मॅडमच्या संग्रहालयाच्या नव्या दालनाचं उद्घाटन होतं. अमरावतीतली मोठी माणसं आली होती, मुंबईची आली होती, दोघं परदेशातली होती. मला सकाळपासून सजवून ठेवलं होतं. अंगावरचं लुगडं संग्रहालयाच्या पेटीतलं. गळ्यातली चांदी कुठल्या तरी दुसऱ्याच जमातीची. आमच्यात तसलं कोणी घालत नाही. मी तसं म्हटलंही होतं. “छान दिसतंय, असू दे,” असं उत्तर मिळालं होतं.

दालनाला खिडकी नाही. भिंती काळ्या. वरून पिवळ्या उजेडाचे झोत आणि प्रत्येक झोताखाली एक मुंडा.

मुंडा म्हणजे कोरलेली सागवानाची फळी. छातीएवढी उंच. आम्ही कोरकू. आमच्यात माणूस मेलं की काही काळानं त्याचं सिडोली करतात, म्हणजे त्याला आधी गेलेल्या आपल्या माणसांत सोडून येतात. त्या वेळी गावाबाहेरच्या झाडाखाली त्याच्या नावाची ही फळी रोवतात. मग ते माणूस तिथं राहतं. घरात परत येत नाही.

मी तिथं नोकरीला होते, तरी या फळ्या मी पाहिल्या नव्हत्या. आणल्या तेव्हापासून त्या औषध मारायच्या खोलीत कापडात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. मधल्या फळीसमोर उभं राहून मी मयतीचं गाणं म्हणायचं, असं ठरलं होतं.

मी मान वर केली. सूर्य आणि चंद्र. त्याखाली घोड्यावरचा माणूस. हे सगळ्याच मुंड्यांवर असतं. पण घोड्याच्या खाली एक कोंबडी होती. तिचा एक पाय आखूड होता.

ती माझी माय होती.

तोंडातून आवाज फुटेना. कोणीतरी फोटो काढत होतं. मॅडम इंग्रजीत पाहुण्यांना म्हणाल्या की हिला शब्द सुचत नाहीयेत. परदेशी बाईचे डोळे भरून आले. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘पूर्वजांसमोर नि:शब्द.’

मी गायले नाही. रडले नाही. तरी त्यांचं काम झालं होतं.

*

आमचं गाव मेळघाटात होतं. माय गेली तेव्हा मी लहान होते, दुसरीत वगैरे. ती दुसऱ्यांदा बाळंत होणार होती. जीप मिळेपर्यंत दुपार झाली आणि घाटातच ती गेली. बाळ पोटातच राहिलं.

सिडोली करायला पीक चांगलं यावं लागतं, सगळ्या गावाला जेवण द्यावं लागतं. तोवर दोन पावसाळे गेले. तोवर माय घरातच होती. बा रोज तिच्यासाठी घास काढून ठेवायचा. मला भीती वाटायची नाही. माय होती ना ती.

मुंडा काकानं कोरला, बाच्या धाकट्या भावानं. मी त्याच्याजवळ बसून राहायचे. म्हटलं, मायच्या कोंबड्या काढ. तो म्हणाला, मुंड्यावर कोंबडी काढत नसतात. मी हट्टाला पेटले, जेवले नाही. शेवटी त्यानं काढली. पायाशी पटाशी घसरली.

“लंगडी झाली वं,” काका म्हणाला. मग भुसा फुंकून म्हणाला, “असू दे. तुह्या मायजवळ एक लंगडी होतीच.”

आम्ही घरात कोरकू बोलतो. इथं घरच्यांचं बोलणं मी वऱ्हाडीत सांगते आहे, कारण बाहेर ते तसंच बोलतात.

पुढं वाघासाठी गाव उठलं. कागद झाले, ट्रक आले. मुंड्यांचं काय करायचं म्हणून म्हातारी माणसं झाडाखाली बसली. ठरलं की मेलेल्यांना ट्रकात घालायचं नाही. ती आपापल्या माणसांत बसलेली आहेत. फळीला ऊन लागेल, पाऊस लागेल, वाळवी लागेल, ती माती होईल. तसंच व्हायचं असतं. बानं मायच्या मुंड्याला डोकं टेकवलं आणि ट्रकात चढला. एकदाही मागं पाहिलं नाही.

आम्ही तेल्हाऱ्याकडच्या सपाटीत आलो. काळी जमीन, पत्र्याची घरं. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचा. सागवान कुठून आणायचं? तिथं आल्यावर जे मेले त्यांचं सिडोली अजून झालेलं नाही. माझा आजा तिथंच गेला. बा म्हणतो, तो अजून त्या पत्र्याखालीच आहे, त्याले लय गरम होत असंल.

*

मी अकोल्याला होस्टेलमध्ये राहून बी.ए. केलं. पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या पोरीनं विचारलं, “तुमच्यात उंदीर खातेत म्हणे?” मी नाही म्हटलं. ती म्हणाली, “मंग काय खाता?” आणि त्या दिवसापासून आपला पाण्याचा मग माझ्या बादलीपासून लांब ठेवायला लागली. पुढची तीन वर्षं तो मग तसाच लांब होता.

मग मॅडम आमच्या कॉलेजात व्याख्यानाला आल्या. पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या, गोड बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, इथं मेळघाटातलं कोणी आहे का? मी हात वर केला. त्या व्यासपीठावरून खाली आल्या. माझे दोन्ही हात धरले.

“तू कोरकू? किती भाग्यवान आहेस तू!”

असं मला कोणी म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी त्यांच्या मागं अमरावतीला गेले. आज हे सांगताना राग येतो. पण तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं होतं, हेही खरं आहे.

माझ्या पदाचं नाव होतं समुदाय समन्वयक. काम होतं मुखवट्यांवरची धूळ पुसायची आणि शाळेच्या सहली फिरवायच्या. तेव्हा संग्रहालयाला फार कोणी विचारत नव्हतं. टोपल्या होत्या, ढोल होते, बैलांच्या गळ्यातल्या घंटा होत्या. मॅडम मात्र राबायच्या. स्वतः ब्रश घेऊन जमिनीवर बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, “आपल्याकडे अजून ती एक गोष्ट नाही. जी पाहून माणूस गप्प होतो.”

मग ती गोष्ट आली. ‘रिकाम्या गावातून वाचवलेले स्मृतिस्तंभ.’ कोणाच्या परवानगीनं आणले, असं मी नंतर विचारलं. उत्तर आलं, “रीतसर.”

*

उद्घाटनानंतर पाहुणे जेवत होते तेव्हा मी मॅडमच्या खोलीत गेले.

“मॅडम, मधला मुंडा माझ्या मायचा आहे.”

त्यांनी तोंडावर हात ठेवला. उठल्या, मला जवळ घेतलं. त्या खरंच रडल्या. मला वाटलं, आता संपलं. आता परत देतील.

मी सांगितलं, फळीखाली ‘कारागीर अज्ञात’ असं लिहिलं आहे. कारागीर माझा काका आहे. तेल्हाऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जातो.

त्यांनी मला समोर बसवलं आणि लेकीला समजवावं तसं समजावलं. “हे बघ. नाव लिहिलं की ती कालची वस्तू होते. अज्ञात लिहिलं की ती परंपरा होते. जगभर हे असंच असतं. तू आता या क्षेत्रात आहेस, तुला हे शिकायला हवं.”

मी शिकले. पुढच्या महिन्यात संग्रहालयाची फिल्म आली. तीत मी होते. निवेदन मॅडमच्या आवाजात होतं. गावातून दुरावलेल्या एका लेकीला दालनात तिच्या कुळातली पूर्वज स्त्री भेटली, असं त्यात म्हटलं होतं. माय कुठंच नव्हती. जीप नव्हती, घाट नव्हता. माय म्हटलं असतं तर ती वीस वर्षांपूर्वी दवाखान्याच्या वाटेवर मेलेली बाई झाली असती. पूर्वज म्हटलं की कसं मेली, असं कोणी विचारत नाही.

फिल्म खूप लोकांनी पाहिली. लोक यायला लागले. नागपूर, पुणे, मग दिल्ली. मॅडमना व्याख्यानांना बोलावणी आली. एका जाड पुस्तकाच्या कव्हरवर मायचा मुंडा आला, मागं काळं. ‘मरणाऱ्या जमातीची कला’ असं एका पेपरानं लिहिलं. ते वाचलं तेव्हा मी डबा खात होते. आम्ही मरत नव्हतो. तेल्हाऱ्याच्या एस.टी.त बसलं की कोणालाही आमच्यापर्यंत येता आलं असतं.

दिवसातून कितीतरी वेळा मला लोकांना घेऊन तिच्यासमोर उभं राहावं लागायचं. मी बोलायचे. माय ऐकून राहिली आहे, असं वाटायचं. ही काय सांगून राहिली माझ्याबद्दल, या परक्या लोकांले? तिला पाठ दाखवून मला बाहेर पडता येईना. मी उलटी चालत दारापर्यंत यायचे.

मॅडमनी ते पाहिलं. “ही तुमच्यातली प्रथा आहे का?”

“नाही. मला भीती वाटते.”

त्या हसल्या. पुढच्या आठवड्यात दाराशी पाटी लागली. कोरकू प्रथेनुसार कृपया पूर्वजांना पाठ न दाखवता बाहेर पडावे. पुण्यामुंबईची माणसं हळूहळू उलटी चालत बाहेर पडायला लागली. काही हसत, काही हात जोडून. माझ्या भीतीची त्यांनी प्रथा केली. लोकांना ती फार आवडली.

मी मुंडा परत मागायला गेले.

“परत? कुठे परत?” मॅडम म्हणाल्या. “ते गाव तर आता नाही. वाळवी खाऊन टाकेल गं.”

“खाऊ द्या. त्यासाठीच असते ती.”

“तू भावनेच्या भरात बोलतेयस. तुम्हा लोकांना जपता येत नाही, म्हणून तर कुणीतरी जपावं लागतं.”

तुम्हा लोकांना. होस्टेलातल्या पोरीचा मग आठवला. तिचं बोलणं उघडं होतं एवढाच फरक.

गेटवर रशीदभाई असायचे, चौकीदार. मी बाहेर येऊन त्यांच्या स्टुलाजवळ उभी राहिले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी स्टूल माझ्याकडं सरकवलं. मग म्हणाले, “बेटी, आमच्या कब्रस्तानातला एक दगड कोणी उचलून नेला असता, तर अख्खा मोहल्ला रस्त्यावर आला असता. तुह्या बापाले माहीत हाय का?”

माहीत नव्हतं. मी रविवारी घरी गेले.

*

बा अंगणात दोरी वळत बसला होता. मी सांगत गेले. तो दोरी वळत राहिला. उजेडाच्या झोताचं सांगितलं तेव्हा त्याचे हात थांबले.

“लाइट बंद करतेत का रातच्याले?”

मी म्हटलं, नाही. कॅमेरे असतात, म्हणून चालूच ठेवतात.

त्यानं दोरी खाली ठेवली. मग म्हणाला, “फळी उपटली म्हंजे उठवलं त्यायनं तिले. म्हणून ते इकडं येऊन राहिली. मी तुह्या काकाले म्हणलं होतं, तुही वहिनी आल्यासारखी वाटते. तो म्हणला, तुले भास होते.”

बा आणि काका अकोल्यावरून अमरावतीला आले. बानं धुतलेलं धोतर नेसलं होतं. काकानं रुमालात तांदूळ बांधून आणले होते. रशीदभाईंनी दोघांना पाणी दिलं, काही न विचारता आत सोडलं. दालनाच्या दाराशी दोघांनी चपला काढल्या. तिथं कोणी चपला काढत नाही.

बा सरळ मायकडं गेला. बाकीचे मुंडे ओळखीचे होते, गावातल्याच माणसांचे, पण तो थांबला नाही. मध्ये दोर बांधलेला होता. तो त्याला दिसलाच नसावा. दोर ओलांडून त्यानं कोंबडीवर हात ठेवला.

भोंगा वाजला. दालनातला मदतनीस ओरडत धावला, “ए बाबा! हात काढ! खराब होते ते!” आणि बाचं मनगट धरून त्यानं मागं ओढलं.

बा गांगरला. त्यानं हात जोडले.

“चुकलं साहेब,” तो म्हणाला.

माझ्या बानं माफी मागितली. बायकोला हात लावला म्हणून.

मला आजवर जे काही बोललं गेलं, उंदीर, भाग्यवान, रड थोडी, ते सगळं मी गिळलं होतं. हे गिळता येईना.

काका खाली लावलेल्या पाटीकडं पाहत होता. “काय लिवलं वं?”

“कारागीर अज्ञात.”

“अज्ञात म्हंजे?”

“म्हणजे कोणी केलं ते माहीत नाही.”

“इचारलं असतं त सांगतलं असतं,” काका म्हणाला. एवढंच.

तोवर मॅडम आल्या, घाईघाईनं. मदतनिसाला रागावल्या. बाला वाकून नमस्कार केला. दालन रिकामं करवलं. मला बरं वाटणार, तेवढ्यात त्यांच्यामागून कॅमेरेवाला आत आला.

“दादा, तुम्ही तुमचा विधी अगदी मोकळेपणानं करा. आम्ही मध्ये येणार नाही. नुसतं टिपून घेऊ.” मॅडम म्हणाल्या. मग बाकडं वळून, “बाबा, एक पाऊल पुढे येता का? उजेडात?”

बा एक पाऊल पुढं झाला. सांगितलं की करायचं, एवढंच तो आयुष्यभर शिकला होता. त्याचा चेहरा झोतात आला. कॅमेरा चालू होता.

बटणांची पेटी कुठं आहे ते मला माहीत होतं. दाराच्या डावीकडं, काळ्या झाकणाच्या आत. मी गेले, झाकण उघडलं आणि सगळी बटणं खाली ओढली.

खिडकी नसलेल्या खोलीत भरदुपारी अंधार झाला.

“लाइट! कोणी बंद केली लाइट?”

“मी.”

“अगं, लाव आधी!”

“नाही लावणार.”

“तुला कळतंय का तू काय करतेयस? हे सगळं मी तुमच्यासाठी उभं केलंय. तुमचं नाव जगात गेलं ते माझ्यामुळे!”

“नाव तर तुम्ही पुसलंत, मॅडम,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच नवा वाटला. “माझ्या मायचं नाव, काकाचं नाव. आता माझा बा तिच्याशी बोलणार आहे. ते तुम्हाला मिळणार नाही.”

कॅमेरेवाल्यानं मोबाइलची बॅटरी लावली. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तो माझ्याच वयाचा असेल. त्यानं मोबाइल खिशात ठेवला.

अंधारात तांदूळ सांडल्याचा आवाज आला. मग बा बोलला, कोरकूत, हळू. काय बोलला ते मी ऐकलं. ते मी इथं लिहिणार नाही.

*

माझी नोकरी गेली. मॅडमनी आरडाओरडा केला नाही. ‘मी तुला मनापासून माफ केलं आहे,’ असा त्यांचा मेसेज आला. मी अजून पुसलेला नाही. त्या कशा आहेत हे विसरायला होऊ नये म्हणून ठेवला आहे.

वर्षभरात संग्रहालयाला मोठा पुरस्कार मिळाला. समाजाच्या सहभागासाठी. त्यांच्या नव्या पत्रकावर एक फोटो आहे. मुंड्यावर टेकवलेला एका म्हाताऱ्याचा सुरकुतलेला हात. दालनातल्या कॅमेऱ्यानं टिपलेला. भोंगा वाजायच्या आधीचा क्षण. मदतनिसानं मनगट धरलं ते फोटोत नाही. चुकलं साहेब, हेही नाही.

हे असं आहे. मी गप्प राहिले, ते त्यांनी वापरलं. भ्याले, ते वापरलं. आम्ही भांडायला गेलो, तर तोही सहभाग झाला. त्यांची प्रतिष्ठा अशीच वाढत गेली, आमच्याकडून जे सुटेल ते उचलून. वाईट माणसं असती तर सोपं गेलं असतं.

आमच्यातलेही काही मला म्हणतात, “काहून लागली त्यायच्या मागं? आपलं नाव त झालं.” त्यांच्याशी मी भांडत नाही. त्यांना विचारते, तुमचा कोणता आहे तिथं? कोणी म्हणतं, आजी. कोणी म्हणतं, भाऊ. आमच्या उठलेल्या गावाची माणसं जिथं गेली तिथं मी अशी फिरते आहे. ग्रामसभेनं ठराव केला आहे, मुंडे परत द्या. उत्तर आलं, हा राष्ट्राचा वारसा आहे. आम्ही पुन्हा ठराव केला. बानं त्याच्यावर अंगठा उठवला नाही. सही शिकला आणि सही केली. आणि असंही ठरलं आहे की आता कोणी गाणं टिपायला आलं, विधी पाहायला आलं, तर काही मिळणार नाही. चहा मिळेल.

आता मी तेल्हाऱ्याला मुलांच्या शिकवण्या घेते. रविवारी अमरावतीला जाते आणि संग्रहालयाच्या गेटबाहेर उभी राहते. रस्त्यावर, त्यांच्या हद्दीत नाही. येणाऱ्यांना सांगते की मधला मुंडा कोणाचा आहे, ती कशी मेली, कोरणारा कोण आहे, बाकीचे कोण आहेत. नावं सांगते. काही लोक थांबतात. बरेचसे मला वेडी समजून बाजूनं जातात. एकदा पोलीस आले होते. त्यांनाही सगळी नावं सांगितली.

मागच्या खेपेला अकोल्याच्या कॉलेजच्या पोरी आल्या होत्या. त्यांतली एक थांबली, तिनं शेवटपर्यंत ऐकलं. तिचा चेहरा उतरला होता.

“मग आम्ही आत जाऊ नये का, ताई?”

“जा ना,” मी म्हटलं. “पण मयतीला जातो तसं जा. फोटो काढू नको. आणि मुंड्यांतल्या माणसांना सांग, बाहेर त्यांची माणसं उभी आहेत. मागायला नाही. न्यायला आलो आहोत.”